तिसरं रिमिक्स

तिचं हाउस म्युझिकचं, म्हणजे क्लबात वाजणाऱ्या वेगवान नाच-संगीताचं, नवं गाणं सकाळी रिलीज झालं, सोबत तीन रिमिक्स. दुपारी म्युझिक कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला.

"मूळ गाणं जोरात चाललंय. दोन रिमिक्सही लोकांनी उचलून धरली. पण तू हट्टानं केलेल्या त्या तिसऱ्याकडे कुणी ढुंकून बघत नाहीये. इतक्या संथ ठेक्यावर नाचणार कोण?"

"ते नाचायला नव्हतंच," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

समोर, फिजिओथेरपीच्या खोलीत, दोन आडव्या दांड्यांना धरून बाबा उभे होते. चार महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांचा उजवा पाय जमिनीला खिळल्यासारखा झाला होता. एकसारखा ठोका कानावर पडला की पुष्कळांचे पाय सुटतात, असं फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या होत्या. म्हणून तिनं आपलंच गाणं निम्म्या लयीवर आणलं होतं. एका ठोक्याला एक पाऊल.

तिनं ते स्पीकरवर लावलं. पहिले चार ठोके नुसतेच गेले. पाचव्याला बाबांची उजवी टाच उचलली गेली. मग डावं पाऊल, मग पुन्हा उजवं. असं करत करत ते दांड्यांच्या पार टोकाला पोचले आणि धापा टाकत थांबले.

तिच्या जिवात जीव आला. डोळे पुसत तिनं विचारलं, "कसं वाटलं, बाबा?"

"बरंय," बाबा अडखळत म्हणाले. "पण फार रेंगाळतं. जरा पळणारं काही नाही का तुझ्याकडे?"