बाहीतला ड्रॉप

तिसरीच्या मुलांनी उजव्या हातात शिकवणाऱ्या बाह्या चढवल्या आणि तीस चिमुकली मनगटं वृंदा टिपणीससारखी वळू लागली. बाहीत बॅडमिंटन विजेत्या वृंदाचा खेळ भरलेला होता; ती मुलांचा हात आपोआप तसाच फिरवी. राज्यातल्या प्रत्येक शाळेत तोच. बावीस वर्षांपूर्वी अंतिम सामन्यात तिच्याकडून हरलेल्या क्रीडाशिक्षिका सुनंदाबाईंना आता मुलांचे गुण मोजण्याखेरीज काम उरलं नव्हतं.

ज्या ड्रॉपवर, जाळ्यालगत अलगद टाकलेल्या फटक्यावर, त्या तेव्हा हरल्या होत्या, तोच तीस हातांतून पाहताना आज त्यांना अचानक दिसलं, की फटक्याआधी कोपर किंचित खाली येतं. तेव्हाच दिसलं असतं तर! त्या रॅकेट घेऊन आठ वर्षांच्या ओवीसमोर उभ्या राहिल्या. मग ओवीचा एकही ड्रॉप जमिनीला टेकला नाही.

“बाई, तुम्हाला आधीच कसं हो कळतं?” ओवी रडवेली झाली. “माझं काय चुकतंय, सांगा ना!”

कोपराची खोड बाईंच्या ओठांवर आली. पण ती सांगितली, तर वृंदाचाच फटका निर्दोष होणार होता.

“काही चुकत नाही. चल वृंदा, सर्व्हिस कर.”

“बाई, मी ओवी आहे.”