तीरा कोणती

"ही नाही, ती," आउने म्हणाली.

तुर्कूजवळच्या भंगारधक्क्याला दोन बोटी शेजारी शेजारी बांधल्या होत्या. आरमाराने विकताना त्यांची नावं आणि आकडे करड्या रंगाखाली बुजवून टाकले होते. एक तीरा, दुसरी लोक्की. एकाच कारखान्यातल्या सख्ख्या बहिणी, दिसायला डिट्टो. उद्यापासून दोघींवर गॅसकटर चालणार होता. एन्सिओला तीराचा निरोप घ्यायचा होता, आणि त्याला आजचाच दिवस मिळाला होता.

"तुला काय कळतंय?" तो बायकोवर खेकसला. "एकवीस वर्षं तिच्या इंजिनखोलीत काढलीत मी. तू कधी आत पाऊल तरी टाकलंस?"

"नाही टाकलं. तरी सांगते, ती."

ऐकेल तर तो एन्सिओ कसला! डावीकडच्या बोटीवर तो तरातरा चढला. आउने कॉफीचा थर्मास घेऊन धक्क्यावरच थांबली.

शिडी उतरून तो थेट इंजिनापाशी गेला. पंपाच्या बाजूला वेल्डिंगचा एक वाकडा जोड होता, त्याच्याच हातचा. त्यावरून बोट फिरवलं आणि त्याची खात्री पटली. मग घरी आठवडाभरात जेवढं बोलत नसे, तेवढं तो तिथे एका दमात बोलला. बंद पडायचीस तेव्हा शिव्या घातल्या, माफ कर, म्हणाला. तुझ्याजवळ कधी एकटं वाटलं नाही, असंही म्हणाला. टोपी काढून थोडा रडलासुद्धा.

वर आला तर मुकादम राउनो यादी घेऊन उभा.

"झाली का लोक्कीची भेट?"

"तीराची."

"तीरा ती पलीकडची. ही लोक्की."

"अहो, इंजिन माझं आहे! जोड माझ्या हातचा आहे!"

राउनोने पानं उलटली. "असेल. तुम्ही निवृत्त झालात त्यानंतर लोक्कीचं इंजिन गेलं. तेव्हा तीराचं काढून हिच्यात बसवलं आणि तीराला नवं दिलं."

एन्सिओने या बोटीकडे पाहिलं, मग त्या बोटीकडे. "मग खरी तीरा कोणती?"

राउनोने कान खाजवला. यादीत तसा रकाना नव्हता.

"आता तिकडे जाऊन पुन्हा बोलू?" एन्सिओने बायकोला विचारलं. "सगळं बोलून संपलं गं. काही उरलंच नाही माझ्याकडे."

"तू नको बोलू. तुझं झालं." आउनेने थर्मास त्याच्या हातात दिला. "इंजिन मी कधी पाहिलं नाही. मी पाहिली ती तिची पुढची टोकदार नाळ, बर्फाने चेपलेली. बेटांच्या आडून पहिली तीच बाहेर यायची."

ती पलीकडच्या बोटीकडे चालू लागली. एन्सिओ चक्रावून बघत राहिला. हिला तर तीराचं नाव काढलेलं खपत नसे. तिचा फोटोसुद्धा हिने घरात लावू दिला नव्हता.

आउनेने हातमोजा काढला आणि थंडगार पोलादावर तळवा टेकला.

"दर वेळी आणून दिलंस गं त्याला," ती म्हणाली. "एकदाही चुकली नाहीस."