दार न उघडण्याची तालीम

कारखान्यातून वायू गळला तर घरातच कसं तग धरायचं, याची तयारी निवृत्त शाळा तपासनिसांइतकी अख्ख्या कॉलनीत कोणी केली नव्हती. चार दिवसांचं पाणी, फटी बुजवायला चिकटपट्टीची सहा भेंडोळी आणि भिंतीवर नियमांचा कागद. नियम पहिला: भोंगा वाजला की दार बंद, मग बाहेर कोणी कितीही रडो.

दर रविवारी तालीम व्हायची. तपासनीस मोबाइलवर भोंगा वाजवायचे आणि स्वतः दाराबाहेर उभे राहून विव्हळायचे, "अगं उघड, आज खरंच आहे." तीनदा बायको विरघळली, एकदा त्यांची आई. चारही वेळा त्यांनी घर नापास केलं. "इतक्या मऊ मनाची माणसं अशा वेळी तासभरही टिकत नाहीत," असा शेराही मारला.

मंगळवारी ते सातवं भेंडोळं आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि कारखान्याचा भोंगा वाजला. तोंडावर रुमाल दाबून ते धावतच जिना चढले, तर आतून चिकटपट्टी टराटरा ओढल्याचा आवाज येत होता.

"अगं उघड," त्यांनी दोन्ही हातांनी दार बडवलं. "आज खरंच आहे."

आवाज क्षणभर थांबला. मग बायको सासूला म्हणाली,

"आई, आज खोकलासुद्धा बसवलाय बघा यांनी. अजिबात लक्ष देऊ नका, या खेपेला पास व्हायचंच."