घाटगे बाकी

धावपट्टीवर पाच मानवरहित विमानं उभी होती आणि एकही इंजिन सुरू करत नव्हतं. बर्फात अडकलेल्या चौकीवर औषधं पोचवायची होती. तपासणी यंत्राने सगळं ठीक असल्याचं कळवलं होतं. तरी विमानं रेडिओवर एकमेकांना एवढंच सांगत होती, "घाटगे बाकी."

"हा कुठला कोड?" फ्लाइट लेफ्टनंट इरावतीने विचारलं.

"कोड नाही मॅडम, माणूस आहे," सार्जंट लोंढे म्हणाले. "आमचे जुने मेकॅनिक. कालच रिटायर झाले. तपासणी संपली की विमानाला हात लावायचे."

"कशासाठी?"

"आम्ही कधी विचारलं नाही. विमानांनी मात्र ती तपासणीतलीच पायरी धरलेली दिसते."

इरावती पहिल्या विमानापाशी गेली आणि तिने पंखाला तळवा टेकला.

"घाटगे अर्धं," विमान म्हणालं.

तिने वळून पाहिलं. लोंढे जरा संकोचले. "ते काहीतरी पुटपुटायचे, मॅडम. नीट जा, परत ये, असं."

इरावतीने तेच म्हटलं, अगदी हळू.

"घाटगे झालं," विमानाने बाकीच्यांना कळवलं. इंजिन सुरू झालं. निघता निघता ते तिला म्हणालं, "येतो, घाटगे."