तेजस्वीची मान

तेजस्वीची मान पुन्हा वर आली. दाबून धरलेला नारळ पाण्यातून सुटावा तशी टुपकन वर आली, तिने काठाकडे बघून घेतलं आणि मान परत खाली गेली. तोवर कंबर बुडाली, पाय बुडाले आणि पन्नास मीटरला व्हायचे तेच सत्तेचाळीस सेकंद झाले.

काठावर तिच्या आईने, भावनाने, कपाळाला हात लावला. शिकवणाऱ्या नूतन मॅडमनी नुसतं स्टॉपवॉच दाखवलं. जिल्हा संघाच्या निवड स्पर्धेला जायचं तर चव्वेचाळीसच्या आत यायला हवं होतं. नावं आज दुपारीच जायची होती. प्रत्येकीला दोन संधी, आणि त्यातली एक आत्ताच वाया गेली होती.

पोरीत खोट नव्हती. दहा वर्षांची, हातपाय लांब, दमसास भक्कम. खोट होती ती मानेत. दोन महिने मॅडम सांगून थकल्या की तोंड पाण्यात ठेव, तळाच्या काळ्या पट्टीकडे बघ, श्वास हवा तेव्हा मान उचलू नकोस, नुसती बाजूला वळव. मान वर की पाय खाली. मग पोरगी पोहत नाही, पाण्याला धक्के मारते. तेजस्वी सगळं ऐकून घ्यायची, हो म्हणायची, पाण्यात उतरायची आणि दर चौथ्या हाताला मान उचलून काठाकडे बघायची.

भावना हातावर हात ठेवून बसणाऱ्यातली नव्हती. ती बी.एस्सी. होती. माहेर पालीचं, स्वतः कधी गुडघ्याच्या वर पाण्यात उतरली नव्हती. पण पोहण्याचे व्हिडिओ बघबघून तिने दोनशे पानी वही भरत आणली होती. मुठी आवळून पोहायचं. एकाच हाताने पोहायचं. बोटांची टोकं पाण्यावरून ओढत न्यायची. एका फेरीला हात किती पडले ते मोजायचं आणि उद्या त्यात दोन कमी करायचे. तलावावर जे व्हायचं त्याची उजळणी किहीमच्या घरी व्हायची. लेकीला पलंगावर पालथी घालून भावना उशाशी बसायची आणि हात, हात, वळ, असा ताल धरायची. सासूबाई, बायजाबाई, तांदूळ निवडता निवडता दारातून बघत राहायच्या.

"पलंगावर पवून कोण पैलतीराला गेलंय गो?" एकदा त्यांनी विचारलंच.

भावनाने ते काही वहीत लिहिलं नाही. नवल म्हणजे पलंगावर पोरीची मान एकदाही वर यायची नाही.

तलावावर मात्र भावना लेकीवरची नजर हटू द्यायची नाही. इतर आया बाकावर बसून मासळीचे भाव काढायच्या. ही लेकीच्या बरोबरीने काठाकाठाने चालायची, पर्स छातीशी घट्ट, ओठ त्याहून घट्ट. फेरी संपली की लेकीपेक्षा हिलाच जास्त धाप लागलेली असायची. परतताना मिनिडोअर रिक्षात तेजस्वी मजेत वडापाव खायची आणि भावना दांडीला डोकं टेकून लिंबूपाणी प्यायची. धम्मदीप, तिचा नवरा, विचारायचा की नक्की पोहतं कोण, ती की तू. आई होऊन बघ म्हणजे कळेल, असं त्यावर तिचं ठरलेलं उत्तर होतं.

दुसऱ्या संधीला पाच मिनिटं उरली आणि नूतन मॅडम फॉर्म चाळत आल्या. जन्मदाखल्याची झेरॉक्स जोडलेली नव्हती. भावना म्हणाली, हिचं पोहून झालं की आणते. मॅडम म्हणाल्या, तोवर गेटसमोरचं दुकान जेवायला बंद होईल, मग पोरगी मासोळीसारखी पोहली तरी नाव जायचं नाही. भावनाने आजूबाजूला पाहिलं. जाण्यासारखं दुसरं कोणी नव्हतं.

"भावनाताई, तुम्ही काठावर उभं राहिल्याने पाणी काही पातळ होत नाही," मॅडम म्हणाल्या. "जा."

जाता जाता भावनाने लेकीला तीनच गोष्टी सांगितल्या. मान, मान आणि मान.

दुकानात एक काका सातबारा घेऊन उभे होते. सातबारा अकरा पानी होता आणि यंत्र प्रत्येक पानाला विचार करत होतं. भावनाचा नंबर लागला तेवढ्यात भिंतीपलीकडे शिट्टी वाजली. कागद हातात पडला तसा ती धावत सुटली. एक चप्पल गेटपाशी निसटली, तिथेच राहिली.

तलावापाशी पोहोचली तर सगळं आटोपलं होतं. बाकावरच्या बायका टाळ्या वाजवत होत्या. तेजस्वी काठाला लोंबकळत होती, गॉगल कपाळावर. नूतन मॅडमनी पुन्हा नुसतं स्टॉपवॉच पुढे केलं. बेचाळीस.

"मान एकदाही वर आली नाही," त्या म्हणाल्या आणि झेरॉक्स घेऊन गेल्या.

भावनाचे डोळे भरून आले. पण ती बी.एस्सी. होती. डोळे पुसायच्या आधी तिने वही काढली, ओल्या फरशीवर गुडघे टेकले आणि पेनाचं टोपण दातात धरून विचारलं की शेवटी लागू पडलं ते काय, मुठींचं की बोटांच्या टोकांचं. हेच आता निवड स्पर्धेपर्यंत रोज घ्यायला हवं.

तेजस्वीने नाक पुसलं. मॅडम गेल्या तिकडे बघितलं, मग आईकडे.

"आई, मी तोंड पाण्यात घातलं की तू श्वास घ्यायची थांबतेस," ती हळूच म्हणाली. "मी वर बघितल्याशिवाय तू घेतच नाहीस."