किटलीचा पोचा

नवऱ्याने भिरकावलेलं भांडं कपाळावर आदळलं, की ती आधी रक्त पुसायची आणि मग पोचा न काढता त्या भांड्याचं चित्र रंगवायची. बिचारीचं गाऱ्हाणं एका देवाला ठाऊक आणि एका कुंचल्याला! वीस वर्षांनी तिचं पहिलंवहिलं प्रदर्शन भरलं.

"वहिनी, पोचे अगदी खरे वाटतात हो!" शेजारी म्हणाले.

"वेंधळी आहे आमची ही, सारखी भांडी पाडते," नवरा हसला.

शेवटच्या चित्रात त्याची लाडकी किटली होती. घरातल्या किटलीवर साधा ओरखडाही नव्हता, चित्रातली मात्र पार चेपलेली. नवरा लालबुंद झाला आणि भरल्या दालनात ओरडला,



"खोटारडे! किटली कधी फेकली गं मी तुझ्यावर?"