मधल्या सुट्टीतला डबा

"आता सांगतो त्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही," शोकसभेत चित्रकलेच्या बापू केळशीकरांनी घसा खाकरला. "खानोलकर सर मधल्या सुट्टीतही कच्च्या मुलांना गणित शिकवायचे, पण वहिनींचा डबा कुणाला हुंगूही द्यायचे नाहीत!"

पहिल्या रांगेत बसलेल्या सरांच्या पत्नी इंदुमतीबाईंचे कान टवकारले. घर आणि शाळा सोडून सरांना तिसरं दार माहीत नाही, असं सगळे म्हणत. पण रोज लख्ख रिकामा डबा घेऊन आलेला हा माणूस घरी पोह्यांवर दुष्काळातून आल्यासारखा तुटून पडायचा. मग डबा खातं कोण? शिवणाच्या बाईंवर त्यांचा वर्षानुवर्षं संशय होता.

बापूंना चेवच चढला. "अन् ती वालाची उसळ! वर ओलं खोबरं, गुळाचा खडा... सरांनी माझ्यादेखत बोटं चाटली!"

इंदुमतीबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या उभ्याच राहिल्या.

"भाऊजी, वाल खाल्ले की ह्यांच्या अंगभर पित्त उठायचं. डबा कोण खातं ते कळावं म्हणून मी एकदाच, मुद्दाम वाल दिले होते. बोटं तुम्ही चाटलीत!"